दिवाळी झाली, आता वाफ्यात काय लावायचं आणि काय सोडून द्यायचं

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या अगदी पायथ्याला, मागं अर्धा गुंठा मोकळी जागा, माती काळी. नेटवर थंडीत तग धरणाऱ्या भाज्या-फुलांची यादी मिळाली त्यात केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी), ब्रसेल्स स्प्राउट, ट्युलिप, डॅफोडिल, पॅन्सी असं सगळं आहे, त्यातलं काय लावू आणि थंडीनं रोपं मरू नयेत म्हणून वरून प्लास्टिक घालू का, असं तुम्ही विचारलंय. आणि मागच्या वर्षी फ्लॉवरचा गड्डा लिंबाएवढाच राहिला, मटारला नुसता पाला आला, कोथिंबीर तर उगवलीच नाही, हेही लिहिलंय.

मी सव्वीस वर्षं रोपवाटिका चालवते, सातारा-वाई पट्ट्यात, कृष्णेच्या अंगाला. त्यामुळं पहिलं सांगते ते हे की प्लास्टिक-बिस्टिक काही घालू नका. ती यादी ज्या देशातली आहे तिथं थंडी झाडं मारते, बर्फ पडतो, जमीन गोठते, म्हणून तिथली माणसं "तग धरणारी" झाडं शोधतात. आपल्याकडं साताऱ्यात पारा 10 च्या खाली गेला की पेपरात बातमी येते. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या बाजूला पहाटे दव गोठून पांढरं होतं ते खरंय, कारण थंड हवा जड असते, ती रात्री खोलगटात उतरून बसते, पण ते तेवढ्या पट्ट्यातच. आपल्या कोबी-फ्लॉवरला, गाजराला, पालकाला थंडी मारत नाही, उलट त्यांना ती हवीच असते आणि आपल्याकडं ती कमी पडते. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं सगळं सोपं होतं. आपली खरी थंडी म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत, अडीच-तीन महिने. जुनी माणसं म्हणतात ना की महाशिवरात्रीला थंडी शिव शिव करत निघून जाते, ते गणित वाफ्यालाही लागू आहे. म्हणून काय लावायचं हे ठरवताना शिवरात्रीपासून मागं दिवस मोजायचे. ज्याला शंभर दिवस लागतात ते आजच लावा नाहीतर सोडून द्या, ज्याला तीस दिवस लागतात ते निवांत चार-पाच वेळा लावा.

आता त्या यादीचं बघू. ट्युलिप विकत घेऊ नका, कुणी कितीही सुंदर फोटो दाखवले तरी. त्या कंदाला फूल धरायला बारा ते सोळा आठवडे जवळजवळ फ्रीजच्या आतल्यासारखी थंडी लागते, ती साताऱ्यात मिळणार नाही, पानं येतील आणि संपेल. डॅफोडिलचंही थोडंफार तसंच. ब्रसेल्स स्प्राउटला चार-साडेचार महिने सलग गारवा लागतो, तेही नको. केल चालेल, छान येतं, पण खरं सांगू का, घरात कोण खाणार याचा आधी विचार करा, तेवढ्याच जागेत चाकवत, आंबटचुका, करडईची कोवळी भाजी आणि हरभऱ्याचा पाला खुडून खाल्लात तर घरातले ताट चाटून पुसून उठतील. हरभरा मूठभर टोकून ठेवा, वीतभर झाला की शेंडे खुडायचे, खुडलं की आणखी फुटवे येतात. पॅन्सी लावा, ती आपल्याकडं चांगली येते, तिच्याबद्दल पुढं लिहिते.

मागच्या वर्षीचं फ्लॉवरचं दुखणं. हे इतक्या जणांचं होतं की सविस्तरच सांगते. फ्लॉवर म्हणजे एकच पीक नाही, त्यात लवकरच्या, मधल्या आणि उशिराच्या अशा जाती आहेत आणि प्रत्येकीला गड्डा धरायला वेगळं तापमान लागतं. लवकरच्या जाती (पुसा दीपाली वगैरे) 20 ते 27 अंशांत गड्डा धरतात, स्नोबॉल प्रकारच्या उशिराच्या जातींना 10 ते 16 अंश लागतात. लवकरची जात नोव्हेंबरात लावली की काय होतं, रोप अजून चार-सहा पानांचं बाळ असतं आणि त्याला गरजेपेक्षा जास्त गारवा मिळतो, मग ते बिचारं अंगात ताकद नसताना गड्डा धरून बसतं. तेच तुमचं लिंबू. दुसरं कारण म्हणजे ट्रेमध्ये जून झालेलं रोप. सात-आठ आठवडे ट्रेमध्ये राहिलेलं रोप दिसायला उंच असतं म्हणून लोक तेच उचलतात, ते घेऊ नका. पंचवीस-तीस दिवसांचं, चार-पाच पानांचं, बुटकं रोप बघा, ट्रेमधून अलगद उपसून बघायला सांगा, मुळं पांढरी असली पाहिजेत, तपकिरी होऊन गोल गोल गुंडाळलेली नकोत. आणि तिसरं कारण उपासमार, सुरुवातीच्या महिन्यात नत्र कमी पडलं की पानंच वाढत नाहीत, आणि पानं नाहीत तर गड्ड्याला अन्न कुठून येणार. म्हणून रोपवाटिकेत गेल्यावर "फ्लॉवरची रोपं द्या" असं नुसतं म्हणू नका, जात कुठली आणि रोप किती दिवसांचं हे दोन प्रश्न विचाराच. ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्याकडून घेऊ नका. माझ्यावरही एका वर्षी ही वेळ आली होती, एका दुकानातून आणलेल्या पाकिटावर उशिराची जात लिहिलेली आणि आत निघाली लवकरची, तीनशे रोपं मी लोकांना दिली होती, ज्यांना दिली त्या सगळ्यांना पुढच्या वर्षी फुकट रोपं दिली, पण त्यांचा हंगाम गेला तो गेलाच.

गड्डा मुठीएवढा झाला की बाहेरची दोन-तीन पानं वर ओढून सुतळीनं सैल बांधायची, ऊन लागलं की गड्डा पिवळा पडतो, बाकी चवीत फरक नाही पण पांढरा गड्डा बघून जीव सुखावतो. बांधल्यावर दोन दिवसांनी एकदा उघडून बघायचं, आत अळी असते. आणि गड्डा तपकिरी पडत असेल, दांडा आतून पोकळ निघत असेल तर ती बोरॉनची कमतरता, लागणीनंतर महिन्याभरानं बोरॅक्स एका लिटरला 2 ग्रॅम या मापानं एकदा फवारा. जावळी-महाबळेश्वरकडच्या लाल आंबट मातीत पानं चाबकासारखी बारीक लांब होतात, ते मॉलिब्डेनम हे सूक्ष्म अन्नद्रव्य कमी पडल्यानं, तुमच्या काळ्या मातीत तो त्रास नाही.

मटारचं मात्र मला वाटतं वेगळंच कारण आहे, आणि ते तुमच्या पत्त्यात आहे. तुम्ही किल्ल्याच्या उत्तर अंगाला राहता. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं सरकतो, म्हणजे नेमका किल्ल्याच्या बाजूला. पायथ्याच्या घरांना त्या दिवसांत ऊन उशिरा येतं आणि लवकर जातं. त्यात दक्षिणेला कंपाउंडची भिंत असेल तर आणखीच, डिसेंबरात आपल्याकडं सहा फुटी भिंतीची सावली भर दुपारी बारा वाजतासुद्धा पाच फुटांच्या वर पडते. मटार सावलीत पडला की नुसता वेलावतो. त्यामुळं काही लावायच्या आधी एक रविवार मोकळा काढा, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता सावली कुठवर येते तिथं चुन्यानं रेघ मारा. जिथं सहा तास ऊन आहे तिथं मटार, फ्लॉवर, कोबी, गाजर, लसूण. जिथं तीन-चार तास आहे तिथं पालक, मेथी, कोथिंबीर, लेट्यूस, पॅन्सी, ती सगळी तेवढ्यावर खूश असतात. दुसरी शक्यता अशी की तुम्ही मटारला युरिया घातला असेल. मटार हवेतलं नत्र स्वतः मुळांच्या गाठींत साठवतो, त्याला वरून नत्र दिलं की पाला माजतो आणि शेंगा रुसतात. अर्केल जात घ्या, साधारण साठ दिवसांत पहिला तोडा येतो, बी रात्रभर भिजवून दोन-तीन सेंटीमीटर खोल टोका, गुडघ्याएवढा झाला की तुरीच्या काड्या रोवून आधार द्या.

कोथिंबीर न उगवण्याचं कारण बहुतेक धने. स्वयंपाकाचे डब्यातले धने वर्ष-दोन वर्षं जुने असतात, ते उगवले तर नशीब. पेरायचे धने आणा, फरशीवर पसरा आणि चपलेच्या तळानं हलक्या हातानं रगडा, म्हणजे एका दाण्याचे दोन होतात, पीठ करायचं नाही. मग सात-आठ तास भिजवून, निथळून, बोटाच्या एका पेराच्या निम्म्या खोलीवर ओळीत पेरा आणि वरून ओलं पोतं अंथरा. काळ्या मातीवर पाणी घातलं की पापुद्रा धरतो आणि मोड आतल्या आत गुदमरतो, पोत्यानं तो धरत नाही. थंडीत उगवायला दहा-बारा दिवस लागतात, आठव्या दिवशी उकरून बघू नका! मोड दिसला की त्याच संध्याकाळी पोतं काढायचं.

गाजर आणि मुळा काळ्या मातीत वाकडा, फाटा फुटलेला येतो कारण खाली ढेकूळ लागतं किंवा कच्चं शेणखत लागतं. गाजरासाठी वेगळा उंच गादीवाफा करा, दहा फूट लांब, तीन फूट रुंद, वीतभर उंच, त्यात एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत आणि दोन घमेली नदीची वाळू किंवा पोयटा. गाजराचं बी राखेत किंवा वाळूत मिसळून ओळीत सोडा म्हणजे दाट पडत नाही. नान्टेससारखी नारंगी गाजरं थंडीत जास्त रंगतात आणि गोड होतात, त्यांना नव्वद-शंभर दिवस लागतात म्हणजे तुम्हाला या आठवड्यातच पेरावी लागतील. बीट लावणार असाल तर बी हातावर घेऊन बघा, खडबडीत गाठ असते, ते एक बी नाही, दोन-चार बियांचा झुबका आहे. म्हणून एका जागी तीन रोपं येतात आणि लोक म्हणतात बीट बारीक राहिलं. बोटभर झाली की एक ठेवून बाकीची नखानं खुडा, उपटू नका, उपटलं की शेजारचं हलतं. खुडलेली पानं भाजीत घाला.

कोबी, नवलकोल, ब्रोकोली यांची रोपंच आणा, आता बी टाकत बसायला वेळ नाही. नवलकोल नवख्या माणसासाठी सगळ्यात चांगला, लागणीपासून पन्नास-साठ दिवसांत हातात येतो आणि फारसा रुसत नाही, आपल्याकडं लोक त्याला विसरलेत याचं मला वाईट वाटतं. लसूण आत्ताच, नोव्हेंबर संपायच्या आत लावा, गड्ड्याच्या बाहेरच्या मोठ्या कुड्या निवडून, टोक वर करून, चार इंच बाय तीन इंचावर. त्याला चार महिने लागतात, तो मार्चपर्यंत वाफा अडवणार हे धरून चाला. कांद्याचा तरवा, म्हणजे लहान रोपं, तयार मिळाला तर डिसेंबरात लावा. मेथी आणि मुळा मात्र दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा, सगळा एकदम पेरलात तर एका आठवड्यात शेजारपाजारच्यांना वाटत फिराल आणि नंतर महिनाभर मंडईत जाल. एक सोपं माप सांगते, भोगी 13 किंवा 14 जानेवारीला येते, आजपासून साठ दिवस. मटार, पालक, मेथी, मुळा, हरभऱ्याचा पाला एवढं त्या दिवसापर्यंत नक्की निघतं, गाजर आज पेरलं तरी भोगीला मिळणार नाही, तेवढं विकत आणा. भेंडी, गवार, काकडी, दोडका यांना हात लावू नका, ती उन्हाची लेकरं आहेत, थंडीत उगवतात पण जागची हलत नाहीत.

आता पाणी, कारण थंडीत रोपं मरतात ती थंडीनं नाही, पाण्यानं मरतात. काळी माती पाणी धरून ठेवते. वरून कोरडी दिसते म्हणून रोज पाईप धरला की खाली चिखल असतो. बोट दोन पेरं आत घाला, गार आणि ओलसर लागलं तर पाणी नको. रोपं धरल्यावर सहा-सात दिवसांनी एकदा पुरतं, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी होऊ द्या, मग खुरपं घालून माती हलवा. पाणी सकाळी द्या, संध्याकाळी पानं भिजलेली राहिली की रात्रभर दहिवर आणि त्यात ती भिजलेली, बुरशीला आमंत्रणच. 2019 साली परतीचा पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळला होता ते आठवत असेल, त्या वर्षी माझ्याकडं एका रात्रीत ट्रेच्या ट्रे आडवे झाले. सकाळी जाऊन बघितलं तर पानं हिरवीगार, ताजी, आणि मातीला लागून देठ मात्र दोऱ्यासारखा बारीक झालेला, बोट लावलं की रोप हातात. ती मर एकदा लागली की त्या रोपाला औषध नाही, शेजारचं वाचवायचं. तेव्हापासून ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी शेणखतात मिसळून आठ दिवस सावलीत ओलसर ठेवते आणि मगच वाफ्यात घालते, शिवाय आभाळ भरून आलं की पाणी बंद.

वाफ्यावर आच्छादन म्हणून उसाचं पाचट घाला. आता गळीत हंगाम सुरू झालाय, सातारा-सांगलीत पाचटाला काय तोटा, कुणीही शेतकरी पेटवण्यापेक्षा आनंदानं देईल. तीन बोटं जाडीचा थर रोपांच्या मधे पसरायचा, बुंध्याला चिकटवायचा नाही. मातीत मात्र गाडू नका, कच्चं पाचट कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी पडतात. कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असं दिसलं तर ते नत्र नाही, लोह कमी पडतंय, चुनखडीच्या काळ्या मातीत हे होतं, तेव्हा युरिया वाढवू नका.

किडी दोनच लक्षात ठेवा. कोबीच्या पानावर काचेच्या खिडकीसारखे पातळ पारदर्शक चट्टे दिसले की पान उलटा, खाली बारीक हिरवी अळी असते, हात लावला की वळवळत धाग्यावर खाली लोंबते, तो चौकोनी ठिपक्यांचा पतंग. कोबीच्या कडेनं मोहरीची एक ओळ लावलीत तर पतंग आधी मोहरीवर अंडी घालतो, शिवाय मोहरीची भाजी मिळते. दुसरा मावा, जानेवारीत ढगाळ झालं की येतो. दोघांनाही निंबोळी अर्क, 50 ग्रॅम निंबोळी कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर, सकाळी फडक्यानं गाळून, साबणाचे दोन थेंब घालून संध्याकाळी फवारा. मटारच्या पानावर पीठ टाकल्यासारखी भुरी आली तर पाण्यात विरघळणारं 80 टक्के गंधक, लिटरला 2 ग्रॅम. पहिलं ठिपकं दिसलं की लगेच, पान भरल्यावर नाही.

फुलांचं लिहायला मला सगळ्यात आवडतं. आता नोव्हेंबरात पॅन्सी, पिटुनिया, डायंथस, डॉग फ्लॉवर, फ्लॉक्स यांची रोपंच घ्या, बियांपासून करायचं तर सप्टेंबरअखेर टाकायला हवं होतं. बियांपासून आजही जमतील अशी दोन फुलं म्हणजे नॅस्टर्शियम आणि कॅलेंड्युला. नॅस्टर्शियमला खत घालूच नका, हलक्या, मुरमाड जागेत फेकून द्या, खत मिळालं की पानांची छत्री होते आणि फूल शोधावं लागतं. पॅन्सीचं वाळलेलं फूल रोज खुडत राहिलात तर ती फेब्रुवारीपर्यंत फुलते, बी धरू दिलं की तिचं काम झालं असं ती समजते आणि थांबते. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात झाली असेल तर पंचेचाळीस-पन्नास दिवसांत फुलं येतील, राहिली असेल तर या आठवड्यात हलकी करा.

आणि शेवंती. मार्गशीर्षातल्या गुरुवारांना घरची शेवंती असावी असं मला दरवर्षी वाटतं. आता कळ्या धरलेली रोपं घ्या आणि लावताना एक बघा, रात्री तिथं रस्त्याचा दिवा पडतोय का. शेवंती रात्र मोठी झाली की कळी धरते, तिला दिवस-रात्र मोजता येतात. आमच्या फाटकाजवळच्या झाडावर मी ते स्वतः बघितलंय, दिव्याच्या बाजूच्या फांद्या नुसत्या पानांच्या आणि पलीकडची बाजू कळ्यांनी वाकलेली, एकाच बुंध्यावर. दुसऱ्या वर्षी कुंडी आठ फूट सरकवली आणि सगळीकडून फुलली.

माझं माहेर पलूसकडचं, तिकडच्या मैत्रिणीही हेच विचारतात म्हणून लिहिते, सांगलीकडं फेब्रुवारी उजाडला की ऊन चटका देतं, तिथं फ्लॉवर-गाजर साताऱ्यापेक्षा आठ-दहा दिवस आधीच उरकायचं धरा.

एक शेवटचं, बियाण्याचं. मेथी, धने, चाकवत यांची चांगली दोन-दोन रोपं न खुडता सोडा, फुलं येतील, मधमाश्या येतील, मार्चमध्ये बी वाळवून राख लावून बाटलीत भरा. कोबीचं, उशिराच्या फ्लॉवरचं आणि नान्टेस गाजराचं बी घरी धरायला जाऊ नका, त्यांना फुलोऱ्यावर यायला जी थंडी लागते ती आपल्याकडं पडतच नाही, स्नोबॉल फ्लॉवरचं बी हिमाचलात कुलू खोऱ्यात तयार होतं. ते दरवर्षी विकतच आणा, पाकिटावरची तारीख बघून. चुन्याच्या रेघा मारून झाल्या की फोटो पाठवा, कुठल्या रेघेच्या आत काय लावायचं ते सांगते.